जुलाब थांबवू नकोस, पाणी भर

प्रिय मुली,

रात्री दोनला पाठवलेला तुझा मेसेज वाचला. चौदा महिन्यांचं बाळ, वजन ९ किलो, दिवसभरात आठ वेळा पाण्यासारखी शी. मेडिकलवाला एक सांगतो, सासूबाई दुसरं, शेजारीण तिसरं. आणि तू मला विचारतेस, थांबायचं औषध कुठलं देऊ? अगं, प्रश्नच बदल. जुलाब थांबवायचे नसतात. गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढायचं असतं. आतडं काही दिवसांत आपोआप सावरतं. तोवर बाळ सुकू द्यायचं नाही, एवढंच आपलं काम.

आधी बाळाकडे बघ. रडताना डोळ्यांत पाणी येतंय का, जीभ ओली आहे का, डोळे खोल गेलेत का? पोटाची कातडी चिमटीत धरून सोड. लगेच सपाट झाली तर ठीक. टाळू बसलेली दिसली तर ती तेल घालून भरत नाही, ती पाण्याने भरते. आजीला हे प्रेमाने सांग, पण सांगच. बाळ मलूल पडलं, पाणी गिळेना, प्यायलेलं सगळंच उलटून टाकू लागलं, शीमध्ये रक्त दिसलं किंवा सहा तास लघवी झाली नाही, तर हे पत्र बाजूला ठेव आणि दवाखाना गाठ. बाळ गिळत असेल तर जाताना वाटेतही चमच्याने पाजत राहा.

आता ओआरएसची पुडी, म्हणजे पाण्यात कालवून पाजायची मीठ-ग्लुकोजची पावडर. मोठी साधारण २१ ग्रॅमची असते, ती १ लिटर पाण्यासाठी. छोटी चारेक ग्रॅमची, ती २०० मिलीसाठी. मागे छापलेलं असतं, वाचून घे. उकळून गार केलेलं पाणी घे, पूर्ण पुडी एकदम ओत, ढवळ, झाक. २४ तासांनी उरलेलं फेकून दे. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो: मोठ्या पुडीतली चमचाभर पावडर पेल्यात टाकायची आणि बाकीची दुमडून ठेवायची. असं अंदाजाने कालवलं आणि ते दाट झालं तर रक्तातलं मीठ वाढतं, बाळ जास्तच किरकिर करतं. पातळ झालं तर मीठ पुरत नाही. वर साखर, दूध, फळांचा रस काही घालू नकोस. चव लागत नाही म्हणून तर मुळीच नाही.

माप इतकं काटेकोर का? आतड्याच्या पेशी ग्लुकोज आत घेतात तेव्हा मिठातलं सोडियम सोबत ओढून घेतात, आणि त्यामागोमाग पाणी जातं. जुलाबातही ही वाट उघडी असते, अगदी कॉलऱ्यातसुद्धा. म्हणून त्या १ लिटरात ग्लुकोज १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम, असं जोडीचं गणित बसवलेलं आहे. साखर वाढली की ती उलट शरीरातलं पाणी आतड्यात खेचते. टेट्रापॅकमधली गोड पेयं नेमकी तिथेच नडतात: साखर कित्येक पट, मीठ तुटपुंजं. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायलाच बंदी घातली. उशिरा का होईना, घातली.

प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली पाज, वाटी-चमच्याने. बाटलीने घटाघटा दिलंस की उलटी होणार आणि तू म्हणणार, त्याला पचत नाही. उलटी झाली तर दहा मिनिटं थांब, मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. डोळे खोल गेले असतील, बाळ अधाशासारखं पीत असेल, तर किलोमागे ७५ मिली चार तासांत. तुझ्या बाळाला साधारण पावणेसातशे मिली. तेव्हा मात्र डॉक्टरांच्या नजरेखाली.

शीतून पाणी जातंय तेवढं पोटात जातंय का, एवढंच मोज. शी किती वेळा झाली ते मोजत बसू नकोस.

आतड्याची हालचाल रोखणाऱ्या गोळ्या लहान मुलांना द्यायच्याच नाहीत. शी आतच साठते, पोट फुगतं, बाळ गुंगीत जातं आणि घरच्यांना वाटतं बरं झालं. अँटिबायोटिकही नको, बहुतेक वेळा कारण विषाणू असतो. रक्ताची आव किंवा कॉलरा असेल तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टर ठरवतील. 'निदान एक सलाईन तरी लावा' हा हट्ट आम्हीच लोकांना शिकवला, आमच्या पिढीच्या डॉक्टरांनी, त्यात मीही आले. चिठ्ठीवर चार औषधं लिहिणं सोपं, आईजवळ बसून पुडी कालवून दाखवणं कठीण. म्हणून आता मी हट्टी आहे, आणि हा हट्ट मी सोडणार नाही. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावला, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात मीठ-साखरेचं पाणी कालवून नातेवाइकांच्या हाती पेले दिले. कॉलऱ्याचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. पाजणारे हात आईबापांचेच होते.

झिंक मात्र चुकवू नकोस: रोज २० मिलिग्रॅम, पूर्ण १४ दिवस. गोळी चमचाभर पाण्यात विरघळते. तिसऱ्या दिवशी शी घट्ट झाली की सगळे बंद करतात, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांचं संरक्षण हातचं घालवतात. आशाताईकडे पुडी आणि झिंक दोन्ही फुकट मिळतं.

अंगावरचं दूध चालूच. मऊ वरणभात, खिचडी, केळं, दही दे, वर थोडं तेल-तूप. 'पोटाला आराम' म्हणून उपाशी ठेवलेलं बाळ आणखी अशक्त होतं. आणि हो, दातांमुळे जुलाब होत नाहीत. न धुतलेल्या हातांमुळे आणि तोंडात घातलेल्या वस्तूंमुळे होतात. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे रोटाव्हायरसचे डोस झाले होते का, कार्ड काढून बघ.

सकाळी शीचा आकडा कळवू नकोस. लघवी किती वेळा झाली, रंग कसा होता आणि त्या लिटरातलं किती संपलं, तेवढं लिही.

तुझी,
डॉक्टरमावशी