तीन महिन्यांच्या कोर्सवर ड्राफ्ट्समन होता येतं का?

प्रश्न : मुलीला दहावीला ७८ टक्के आहेत. भूमिती आणि चित्रकला आवडते, यंत्रांची ड्रॉइंग काढायचं काम करायचं म्हणते. एक क्लासवाले म्हणतात, तीन महिन्यांचा ऑटोकॅडचा कोर्स करा, लगेच नोकरी. तिचे काका म्हणतात, वर्कशॉप हे मुलीचं काम नाही. काय करावं? – एक आई, कराड

उत्तर : ताई, मुलीला या क्षेत्रात जरूर जाऊ द्या, पण क्लासची फी एवढ्यात भरू नका. ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर काही महिन्यांत हाताला बसतं. कागदावर काय आणि का लिहायचं हे कळायला वर्षं जातात, आणि पगार त्याचाच मिळतो.

समजा, तिला एका बुशचं, म्हणजे शाफ्ट (यंत्राचा दांडा) ज्यात बसतो त्या पोकळ नळीचं, ड्रॉइंग करायचंय. भोकाचा व्यास २५ मिलिमीटर लिहिला की काम संपलं असं होत नाही. पुढे 'एच ७' ही अचूकतेची खूण लिहिली, तर ते भोक २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या आतच यायला हवं. मग नुसत्या ड्रिलवर भागत नाही, रीमर मारून भोक नेमक्या मापाला आणावं लागतं, प्लग गेज हे मापाचं दांडकं घालून तपासावं लागतं. गरज नसताना इतका बारीक टॉलरन्स (मापात चालणारी तफावत) दिला तर खर्च उगाच वाढतो. गरज असून दिला नाही तर शाफ्ट असेंब्लीत अडकतो, नाहीतर खुळखुळतो. हा अंदाज मशीनशेजारी उभं राहून, टर्नर-फिटरशी बोलूनच येतो. म्हणून काकांचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. व्हर्निअर आणि मायक्रोमीटर तिच्या हातात यायलाच हवेत.

चित्रकलेचं म्हणाल, तर इथे शेडिंगपेक्षा वस्तू तिन्ही बाजूंनी डोळ्यांपुढे आणता येणं महत्त्वाचं. तिला दाराची कडी मोजायला द्या, समोरून, वरून, बाजूने काढायला सांगा. रमली तर निश्चिंत राहा.

आयटीआयचा ड्राफ्ट्समन मेकॅनिकल दोन वर्षांचा, मेकॅनिकल डिप्लोमा तीन वर्षांचा. मी डिप्लोमा सुचवेन. कराडातच शासकीय तंत्रनिकेतन आहे, आणि पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट खुली राहते. घरी लवकर कमाई हवी असेल तर आयटीआय बिनधास्त घ्या, तिथूनही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स शेवटच्या वर्षात शिकू दे. त्यानंतर अप्रेंटिसशिप मात्र सोडू नका, स्टायपेंड थोडा असला तरी. तिला डिझाइन विभागात घेतील का, हे आधीच विचारा. डिप्लोमाचे अर्ज ऑनलाइन भरायचे असतात, मुदत थोडी असते. डोमिसाइलचा दाखला या आठवड्यातच काढायला टाका.