वृत्ती मोजताना : आरोग्य संशोधकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : मानसिक आजार असलेल्या व्यक्तींविषयीची वृत्ती मोजण्यासाठी मी ८ विधाने घेतली आहेत. प्रत्येकाला 'पूर्ण असहमत' ते 'पूर्ण सहमत' असे १ ते ५ गुण आहेत. माझे मार्गदर्शक म्हणतात, हा क्रमवाचक डेटा आहे (उत्तरांचा क्रम कळतो, त्यांमधले अंतर नाही), त्यामुळे सरासरी काढायचीच नाही. हे बरोबर आहे का?

एका विधानापुरते बरोबर आहे, बेरजेच्या बाबतीत नाही. रेन्सिस लायकर्ट यांनी १९३२ मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हा त्यांना अनेक विधानांचे एकत्रित गुण अभिप्रेत होते. आज एकट्या विधानालाही 'लायकर्ट स्केल' म्हणतात आणि वाद तिथूनच सुरू होतो.

एका विधानात 'असहमत' ते 'तटस्थ' हे अंतर 'सहमत' ते 'पूर्ण सहमत' या अंतराएवढेच आहे, असे मानायला आधार नसतो. तिथे ऑर्डिनल लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे उत्तरांचा फक्त क्रम वापरणारे मॉडेल, वापरा. पाच पर्यायांमध्ये चार सीमा असतात आणि हे मॉडेल चारही सीमांवर एकच ऑड्स रेशो गृहीत धरते. (ऑड्स म्हणजे घटना होण्याचे प्रमाण भागिले न होण्याचे प्रमाण; दोन गटांच्या ऑड्सचे गुणोत्तर म्हणजे ऑड्स रेशो.) ते गृहीतक खरे आहे का, हे पाहण्याचा सोपा मार्ग असा : प्रत्येक सीमेवर उत्तरांचे दोन भाग करून चार साधी लॉजिस्टिक मॉडेल्स चालवा आणि त्यांचे ऑड्स रेशो शेजारी शेजारी ठेवा. एकीकडे १.२ आणि दुसरीकडे ३ येत असेल आणि हा फरक नमुन्यातल्या चढउतारापलीकडचा असेल, तर एकच आकडा छापून काही साधत नाही.

८ विधानांची बेरीज मात्र ८ ते ४० या पल्ल्यात फिरते. तिच्यावर लिनिअर रिग्रेशन, म्हणजे सरासरीवर आधारलेले मॉडेल, सहसा चालते. आधी आलेख काढून पाहा. निम्मे लोक ३८-४० वर गोळा झाले असतील, तर विधाने फार सोपी आहेत आणि हा दोष कुठलेही मॉडेल दुरुस्त करणार नाही.

बेरजेपूर्वी उलट अर्थाची विधाने फिरवून घ्या : नवे गुण म्हणजे ६ वजा जुने गुण. हे विसरणे ही या कामातली सर्रास होणारी चूक आहे. एखाद्या विधानाचा उरलेल्या बेरजेशी सहसंबंध ऋण आला, तर आधी तिथेच संशय घ्या.

आणि क्रॉनबाख आल्फावर, म्हणजे विधाने एकमेकांशी किती जुळतात ते सांगणाऱ्या आकड्यावर, विसंबून राहू नका. विधानांमधला सरासरी सहसंबंध ०.३ असेल, तर ५ विधानांना आल्फा ०.६८ येतो आणि २० विधानांना तोच ०.९० होतो. विधाने अधिक चांगली झाली म्हणून नव्हे, फक्त संख्या वाढली म्हणून. भीती, दया आणि दूर राहण्याची इच्छा या तीन वेगळ्या गोष्टी एकाच बेरजेत मिसळल्या आहेत का, हे आल्फा सांगत नाही. त्यासाठी फॅक्टर ॲनालिसिस करा (कोणती विधाने एका गटात पडतात ते पाहण्याची पद्धत), तोही पॉलिकोरिक, म्हणजे क्रमवाचक उत्तरांसाठीच्या, सहसंबंधांवर.

बेरीज हातात आल्यावर मध्यकेवर कापून 'सकारात्मक' आणि 'नकारात्मक' असे दोन गट पाडण्याचा मोह टाळा. साधारण घंटाकृती वितरणात त्या एका कृतीने जवळजवळ एक तृतीयांश नमुना फेकून दिल्याइतकी माहिती जाते.

प्रश्न : आमच्या सर्वेक्षणात ९५ टक्के आरोग्य कर्मचारी म्हणतात की ते एचआयव्हीबाधित रुग्णांशी भेदभाव करत नाहीत. रुग्णांचे अनुभव वेगळेच सांगतात. मॉडेलमध्ये हे कसे दुरुस्त करायचे?

मॉडेलमध्ये नाही, प्रश्नातच. समोर बसलेल्या माणसाला चांगले वाटेल असे उत्तर देण्याची ओढ बळकट असते आणि ती सगळ्यांत सारखी नसते. शिक्षित उत्तरदात्याला 'योग्य' उत्तर अधिक चांगले ठाऊक असते. त्यामुळे शिक्षण वाढले की भेदभाव घटतो, असा निष्कर्ष निव्वळ या ओढीतूनही निघू शकतो. हे मनावर घ्यावे, कारण असे निष्कर्ष पुढे प्रशिक्षणाची दिशा ठरवतात.

यादी पद्धत वापरून पाहा. उत्तरदाते यादृच्छिकपणे दोन गटांत विभागा. पहिल्या गटाला चार निरुपद्रवी विधाने द्या, दुसऱ्याला तीच चार आणि पाचवे संवेदनशील विधान. कुठली लागू पडतात ते विचारायचे नाही, फक्त किती ते विचारायचे. पहिल्या गटाची सरासरी १.९ आणि दुसऱ्याची २.२ आली, तर फरक ०.३, म्हणजे सुमारे ३० टक्के लोकांना संवेदनशील विधान लागू आहे.

इथे बिघडते ते यादीच्या निवडीत. चारही विधाने बहुतेकांना लागू असतील, तर 'पाच' म्हणणारा माणूस उघडा पडतो आणि म्हणून तो 'चार' म्हणतो. एक विधान जवळजवळ सर्वांना लागू, एक जवळजवळ कोणालाच नाही आणि उरलेली दोन अशी की एक लागू असले की दुसरे सहसा नसते, अशी यादी करा.

याची किंमतही आधीच मोजा. प्रत्येक गटात ५०० जण आणि प्रमाण विचलन (उत्तरांचा सरासरीभोवतीचा पसारा) ०.९ असेल, तर अनुमानाची ९५ टक्के मर्यादा सुमारे ११ टक्के बिंदू अधिक-उणे येते, म्हणजे १९ ते ४१ टक्के. थेट विचारले असते तर १००० जणांवर ती ३ बिंदूंच्या आत राहिली असती.

दुसरा मार्ग स्टॅनली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये मांडला. उत्तरदाता चिठ्ठी काढतो. ७० टक्के चिठ्ठ्यांवर 'मी असे वागतो' आणि ३० टक्क्यांवर 'मी असे वागत नाही' लिहिलेले असते. चिठ्ठी फक्त त्यालाच दिसते, तो 'खरे' किंवा 'खोटे' एवढेच सांगतो. 'खरे' म्हणणारे ४२ टक्के असतील, तर (०.४२ − ०.३०) ÷ ०.४० = ०.३०, म्हणजे ३० टक्के. पण तेवढ्याच अचूकतेसाठी थेट प्रश्नाच्या सातपटीहून मोठा नमुना लागतो आणि चिठ्ठीचा नियम नीट समजावता आला नाही, तर सगळे वाया जाते.

प्रश्न : 'सांगता येत नाही' या उत्तराला मधले ३ गुण द्यावेत का?

नको. 'तटस्थ' हे मत आहे, 'सांगता येत नाही' हे मत नसणे आहे किंवा ते सांगायची तयारी नसणे आहे. वेगळा कोड ठेवा आणि असे कोण म्हणते ते वय, लिंग, शिक्षणानुसार तपासा. प्रमाण मोठे असेल, तर तोच तुमचा एक निष्कर्ष आहे.

प्रश्न : ऑड्स रेशो २.२५ आला. 'लस नाकारण्याची शक्यता सव्वादोन पट' असे लिहिले तर चालेल?

एका गटात ४० टक्के आणि दुसऱ्यात ६० टक्के लोक लस नाकारत असतील, तर ऑड्स रेशो २.२५ च येतो. पण ६० हे ४० च्या दीडपट आहेत. घटना दुर्मीळ असेल तेव्हाच हे दोन आकडे जवळ येतात आणि वृत्तीच्या अभ्यासांत घटना क्वचितच दुर्मीळ असते. मॉडेलवरून दोन्ही गटांचे अपेक्षित टक्के काढा आणि तेच लिहा. वाचकाला ते कळतात.

प्रश्न : ४० आरोग्य केंद्रांतून प्रत्येकी २० असे ८०० जण घेतले. मल्टिलेव्हल मॉडेल खरेच लागते का?

माणसे आणि केंद्रे असे दोन स्तर मोजणारे हे मॉडेल लागते, निदान क्लस्टरनुसार, म्हणजे केंद्रांनुसार, सुधारलेल्या स्टँडर्ड एरर (अनुमानातल्या अनिश्चिततेचे माप) तरी. एकाच केंद्रातली माणसे एकमेकांसारखा विचार करतात. हे साम्य, म्हणजे आयसीसी, फक्त ०.०५ असले तरी डिझाइन इफेक्ट (माहिती किती पटीने घटते तो आकडा) १ + (२० − १) × ०.०५ = १.९५ होतो. म्हणजे तुमचे ८०० जण माहितीच्या दृष्टीने सुमारे ४१० आहेत. केंद्रे ४० ऐवजी ८ असती, तर क्लस्टरनुसार सुधारलेल्या एररवरही फारसा भरवसा ठेवता आला नसता. पुढच्या वेळी केंद्रे वाढवा, प्रत्येक केंद्रातली माणसे कमी केली तरी चालेल.

प्रश्न : शिक्षण, उत्पन्न आणि लसीविषयीची वृत्ती लस घेण्याच्या एकाच रिग्रेशनमध्ये टाकली. शिक्षणाचा परिणाम नाहीसा झाला. म्हणजे शिक्षणाला महत्त्व नाही?

असे म्हणता येणार नाही. शिक्षणाने वृत्ती घडत असेल आणि वृत्तीतून लस घेणे येत असेल, तर वृत्ती हा मधला दुवा झाला. तो मॉडेलमध्ये टाकला की शिक्षणाचा त्या वाटेने येणारा परिणाम तुम्ही स्वतःच काढून टाकता. उरतो तो फक्त थेट परिणाम, तोही वृत्ती आणि लस या दोहोंवर प्रभाव टाकणारी तिसरी गोष्ट सुटली नसेल तर. घरात पूर्वी कुणाला लसीचा त्रास झाला होता का, हे विचारले होते का?

एकाच तक्त्यातले सगळे सहगुणक (प्रत्येक घटकाच्या परिणामाचे आकडे) एकाच पद्धतीने वाचणे हे यातले मूळ दुखणे. प्रत्येक प्रश्नासाठी आधी कागदावर बाणांची आकृती काढा आणि त्यानुसार चल निवडा : शिक्षणाचा एकूण परिणाम हवा असेल, तर वृत्ती बाहेर, वृत्तीचा हवा असेल, तर शिक्षण आत. शिवाय लस घेतल्यानंतर माणसाचे लसीविषयीचे मत बदलू शकते. सगळे एकाच दिवशी विचारले असेल, तर बाण उलटाही असू शकतो. वृत्ती लसीकरण मोहिमेआधी आणि लस घेतल्याची नोंद नंतर, असे दोन वेळा मोजल्याशिवाय तो सुलटा आहे हे दाखवता येत नाही.