गुहागरच्या किनाऱ्यावर दोघांचंच लग्न: साताऱ्याहून निघण्याआधी

आधी कागद, मग समुद्र. विशेष विवाह कायद्याखालची नोटीस साताऱ्यातच द्या. दोघांपैकी एकाचं जिल्ह्यात आधीचे सलग ३० दिवस वास्तव्य हवं. नंतर ३० दिवस थांबायचं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लावायचं. मुदत टळली की पुन्हा पहिल्यापासून. नोटीस फलकावर लागते, म्हणून घरच्यांना तुम्हीच आधी सांगितलेलं बरं. सहीला साक्षीदार तीन लागतात. दोघांवरच निभावेल असं समजून लोक अडकतात.

हार घालायला किनाऱ्यावर जाताना मुहूर्ताआधी तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणून सूर्यास्ताला ओहोटी आणि ओली, घट्ट, रुंद वाळू मिळते. अष्टमीला नेमकं उलटं: संध्याकाळीच पाणी वर चढतं, उभं राहायला कोरड्या भुसभुशीत वाळूची पट्टी उरते. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेवढा हिशेब धरा.

दुपारनंतर खारा वारा सुटतो. अंतरपाटाच्या खालच्या कडेला काठी शिवा, नाहीतर तो तोंडावर येतो. समई टिकत नाही, काचेचा कंदील न्या. गाडी वाळूत घालू नका, चाकं रुततात. कऱ्हाड-पाटणमार्गे कुंभार्ली घाट दिवसाउजेडीच उतरा.