घडीवरची पांढरी रेघ

प्रश्न : वडिलांच्या अमृतमहोत्सवासाठी त्यांच्या आठवणींची ए5 आकाराची पुस्तिका आम्ही डिजिटल प्रेसमध्ये छापून घेतली. 60 प्रती, मधोमध पिना. मुखपृष्ठ गडद मरून आहे आणि घडीवर रंग उडून पांढरी रेघ दिसते. प्रेसवाले म्हणतात, 'डिजिटलला असंच होतं.' खरं आहे का? आता काही करता येईल? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : असं व्हायलाच हवं असं अजिबात नाही. मी नारायण पेठेत डिजिटल मशीन चालवते आणि हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. ऑपरेटरने करायचं काम मशीनच्या माथी मारून मोकळं व्हायचं, एवढाच त्याचा अर्थ.

ऑफसेटची, म्हणजे प्लेटवरून होणाऱ्या छपाईची, शाई कागदात थोडी मुरते. टोनर मुरत नाही. ती प्लास्टिकची बारीक रंगीत पूड. फ्यूजरच्या, म्हणजे मशीनमधल्या तापलेल्या रोलरच्या, उष्णतेने आणि दाबाने वितळून कागदाच्या वर बसते. जाड कार्ड दुमडलं की हा थर ताणला जातो आणि तडकतो. गडद रंगात ते लगेच डोळ्यांत भरतं.

यावर पहिला उपाय कागद लावतानाच करायचा असतो. कार्ड दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहायचं. ज्या दिशेची घडी सहज पडते, ती ग्रेनची, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा. घडी ग्रेनच्या दिशेनेच यायला हवी, आडवी आली की तडा ठरलेलाच. तुमची दोन मुखपृष्ठं 13 बाय 19 इंचांच्या एका शीटवर बसतात आणि घडी लांब बाजूला समांतर येते, म्हणजे कार्ड लाँग ग्रेनच, तंतू लांब बाजूला समांतर असलेलंच हवं. मग ट्रेच्या सेटिंगमध्ये खरा जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, टाकायचा. 300 जीएसएमचं कार्ड साध्या कागदाच्या सेटिंगवर सोडलं तर उष्णता कमी पडते आणि टोनर नीट धरत नाही. पहिलं शीट निघालं की मी गडद भागावर नख ओढून बघते. पूड निघाली तर पुढचं शीट सोडायचंच नाही. पावसाळ्यात तर रीम आयत्या वेळीच उघडावी. हवेतली ओल कागद लगेच ओढून घेतो.

छपाईनंतर लॅमिनेशन, मग क्रीजिंग, म्हणजे घडीच्या जागी दाबून खाच पाडणं, आणि शेवटी घडी. खाचेच्या मागे उठणारा उंचवटा घडीच्या आत राहिला पाहिजे. घाईत हेच उलट होतं.

तुमच्या पुस्तिका वाया गेलेल्या नाहीत. आतली पानं चांगली असतील तर पिना काढून फक्त मुखपृष्ठं बदला. 60 प्रतींना 30 शीट पुरतात, वर चार-पाच जास्त घ्या. आधी एकच मुखपृष्ठ लॅमिनेशन आणि क्रीजिंग करून मागा, स्वतः दुमडून बघा, मगच बाकीच्यांना होकार द्या. रेघेवर मार्कर फिरवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. उजेडात त्याची छटा वेगळी दिसते.