शिलाई मशीन आणि गोधडीचं सामान दुसऱ्यांना वापरायला द्यावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की यंदा विजेवरचं झिगझॅग मशीन घेतलं, गोधडीसाठी मोठी कात्री, कटर, पिना, कापड ताणून धरायच्या रिंगा असं एकेक जमवलं, आणि आता मोठ्या जाऊबाई म्हणतात की दिवाळीपर्यंत मशीन आमच्याकडे पाठव, दोन गोधड्या शिवायच्या आहेत. दिलं तर मशीनचा घोर, नाही म्हटलं तर घरात बोल.

मी पस्तीस वर्षं शिवते आहे. माझं सांगणं असं की मशीन उंबऱ्याबाहेर पाठवू नका, जाऊबाईंना तुमच्याकडे बोलवा. हे मला कुणी शिकवलं, ते आधी सांगते.

18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यात माझे वडीलही. ते साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात होते. आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो, मी दहा वर्षांची होते. दोन-तीन महिन्यांत घरातलं होतं नव्हतं ते संपलं. समोरच्या खोलीतल्या काकूंकडे पायमशीन होतं. आईनं एकदा धीर करून विचारलं, "काकू, महिनाभर मशीन द्याल का?" काकू म्हणाल्या, "मशीन नाही गं देणार. पण बारा वाजता माझं आवरतं. बारा ते चार तू इथे येऊन बस, मशीन तुझंच."

आईला तेव्हा ते थोडं लागलं होतं, असं ती पुढे सांगायची. पण दुसऱ्या दिवशी ती गेली, आणि वर्षभर रोज जात राहिली. परकर, अभ्रे, बाजाराच्या पिशव्या. सुई-दोरा आईचा, मशीन आणि जागा काकूंची. मी खाली बसून शिवलेल्या पिशव्या काठीनं उलटवून द्यायचे. शनिवारी काकू मशीन आडवं करून आतली धूळ, दोऱ्याची लव काढायच्या आणि आईला शेजारी बसवून तेल कुठे-कुठे सोडायचं ते दाखवायच्या. आम्ही साताऱ्याकडे गावी परतलो तेव्हा आईच्या हातात नुसती शिलाई नव्हती, मशीन सांभाळणंही होतं. महिनाभर मशीन आमच्या खोलीत येऊन गेलं असतं, तर यातलं काहीच तिला मिळालं नसतं.

एवढं डोळ्यांनी पाहूनही मी एकदा चुकले. नात्यातल्या एका बाईंना आठ दिवसांसाठी मशीन दिलं. आलं ते दोन महिन्यांनी. त्यांनी त्यावर रेक्झिनची खोळ शिवली होती, आणि मशीन जड चालतंय म्हणून खोबरेल तेल घातलं होतं. खोबरेल तेल थंडीत थिजतं आणि पुढे चिकट होऊन धूळ धरतं; मशीनला मशीनचंच पातळ तेल लागतं. त्यांना हे ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं, म्हणून दोष सगळा त्यांच्यावर टाकत नाही. पण मशीनचं टायमिंग, म्हणजे सुई आणि खालच्या हुकाचा मेळ, गेलं होतं, टाका सुटत होता, आणि बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची डबी, बदललेली होती. ती कुठे, कशी बदलली, हे शेवटपर्यंत कळलं नाही. कारागिरानं दोन दिवसांत मशीन ठीक केलं. आमच्या दोघींचं बोलणं मात्र दोन वर्षं अडलं होतं.

गोधडीच्या बाबतीत हे जास्त जपावं लागतं, कारण मशीनवर सगळ्यात जास्त ताण तीच आणते. चार-पाच पदर एकावर एक आले की बारीक सुई चालत नाही. 16 नंबरची, फारच जाड असेल तर 18 ची लागते, आणि टाका मोठा ठेवावा लागतो. नवख्या हाताला कापड पुढे सरकत नाहीसं वाटतं, मग शिवणारी ते मागून ओढते. ओढलं की सुई वाकते, वाकलेली सुई खालच्या पत्र्यावर किंवा बॉबिन केसवर आपटते, आणि माझ्या मशीनसारखं टायमिंग जातं. घरगुती विजेच्या मशीनमध्ये आतले काही भाग प्लॅस्टिकचे असतात, मोटरही तासन्‌तास जाड कापड रेटण्यासाठी केलेली नसते. जाऊबाईंच्या मनात काही वाईट नसेल, पण पहिली गोधडी त्या ओढूनच शिवतील. मीही तशीच शिवली होती. तेव्हा आई शेजारी होती, तिनं माझा हात धरला.

कात्री मात्र अजिबात देऊ नका, घरातल्या घरातही नाही. माझी कात्री मेरठची आहे. मेरठच्या कात्रीला 2013 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिला पुन्हा पुन्हा धार लावता येते, आणि "दादा ले, पोता बरते", म्हणजे आजोबांनी घ्यावी आणि नातवानं वापरावी, अशी तिची ख्याती आहे. पण तीच कात्री पोरांनी पुठ्ठ्यावर चालवली की सुती साडीचा पदर चावल्यासारखा कापते. कागदात चुन्यासारखी, मातीसारखी भर असते, ती धार खाते. मी कात्रीच्या मुठीला लाल चिंधी बांधली आहे. लाल चिंधी म्हणजे फक्त कापड, हे घरातल्या चार वर्षांच्या नातवालाही माहीत आहे. कुणी कात्री मागितलीच तर दुसरी एक साधी ठेवली आहे, ती देते.

पिना आणि सुयांचं वेगळंच आहे. आजी तिन्हीसांजेला सुई कुणाला देत नसे, अशुभ म्हणायची. मला वाटतं, कंदिलाच्या उजेडात पडलेली सुई सापडायची नाही, हेच त्यामागचं खरं कारण असावं. गोधडीवर लहान मूल झोपतं. पदरांत मोडक्या सुईचं टोक राहिलं तर? म्हणून आमच्याकडे गोधडी घालायला बसताना सुया मोजायच्या आणि उठताना पुन्हा मोजायच्या, मोडली तर दोन्ही तुकडे हाती आल्याशिवाय उठायचं नाही. मी सुया देते, पण परत घेत नाही, भेट म्हणूनच देते. सेफ्टी पिना तर पावसाळ्यात बाहेर फिरून आल्या की गंजतात, आणि गंजाचा डाग कापडातून जाता जात नाही. दुसऱ्याच्या घरून आलेली पिन मी पुन्हा गोधडीला लावत नाही.

बाकी जे देता येतं ते मी सढळ हातानं देते. टेप, खडू, रिंगा, उरलेल्या चिंध्या. ब्लाउजचे फर्मे, म्हणजे कापायचे कागदी नमुने, मूळचे देत नाही, पण वर्तमानपत्र पसरून त्यावर उतरवून घ्यायला बसवते, तो अर्ध्या तासाचा प्रश्न असतो. आणि अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी, प्रत्येकीनं आपलं घ्यावं, दुसरीचं बोटाला कधी नीट बसत नाही.

एखादीला पोटासाठी मशीन हवं असेल, तर मात्र आपलं चार दिवस देऊन तिचं भागत नाही. तिला तिचं स्वतःचं मिळवून द्यायला मदत करा. पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झाली, तिच्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे. पात्र ठरलेल्या कारागिराला अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि सवलतीच्या व्याजानं कर्ज मिळू शकतं, नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये होते. घरातल्या एकाच व्यक्तीला लाभ मिळतो, तेवढं आधी विचारून घ्यायला सांगा. कागद घेऊन तिच्यासोबत तिथवर जाणं, हे मशीन देण्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे. मी दोघींसोबत गेले आहे.

आता तुमच्या जाऊबाई. त्यांना "देत नाही" असं म्हणू नका, "पाठवते" असंही म्हणू नका. आधी विचारा, गोधडी केवढी, कुणासाठी, आतले पदर कसले. बाळाची असेल तर मशीन हवंच कशाला? जुन्या सुती साडीचे तीन पदर हातानं धावदोरा घालून दुपारच्या वेळेत आठ-दहा दिवसांत होतात, आणि मऊही राहतात. मोठी असेल तर म्हणा, "वहिनी, पदर तुमच्याकडे अंथरून कच्चे टाके घालून आणा, मशीनवरचं इथे करू. एकटीला एवढं कापड आवरत नाही, मलाही तुमचे दोन हात लागतील." हे खरंही आहे. मोठ्या गोधडीचा भार टेबलावरून खाली लोंबला की सुई ओढली जाते, तो उचलून धरायला दुसरं माणूस लागतंच.

त्या आल्या की पायडलवर त्यांनाच बसवा. तुम्ही पलीकडे उभं राहून गोधडी धरा.