टोबीवाल्या स्पायडरमॅनचे व्हिलन खरंच एवढे भारी होते, की तुम्हा लोकांना नुसतं बालपण आठवतं?

तुम्ही लिहिलंय की तुमचा जन्म २००६ चा, टोबी मॅग्वायरचे तिन्ही स्पायडरमॅन मोबाईलवर दोन दिवसांत उरकले, बरे वाटले, पण डॉक्टर ऑक्टोपसचं नाव निघालं की आमच्या वयाची माणसं गळा का काढतात ते कळलं नाही. मी त्या गळा काढणाऱ्यांतलाच. सांगलीचा, वय छत्तीस, मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. सिनेमाचं शिक्षण शून्य. पण हे तीन सिनेमे किती वेळा पाहिले त्याची मोजदाद नाही, तेवढ्या जोरावर लिहितो.

बालपण आठवतं का? आठवतं की. पहिला सिनेमा आला २००२ च्या मे महिन्यात, पण थेटरात बघायला घरी पैसे मागायची छाती नव्हती. आत्तेभावानं पुढं कधीतरी व्हीसीडी आणली. एक सिनेमा म्हणजे दोन डिस्क, भाडं एका रात्रीचं दहा रुपये. सिनेमा ऐन रंगात आला की पहिली डिस्क संपायची आणि कुणीतरी उठून दुसरी घालायची. डिस्कवर चरे असायचेच. त्यावर दात घासायची पेस्ट लावून जुन्या बनियननं मधून बाहेर असं पुसायचं, हा तेव्हाचा सर्वमान्य उपाय. तरीही चित्राचे चौकोन चौकोन व्हायचेच.

आमच्याकडच्या दुसऱ्या स्पायडरमॅनची डिस्क नेमकी दवाखान्यात अडकायची. डॉक्टर ऑक्टोपस बेशुद्ध पडलाय, पाठीला चिकटलेले चार लोखंडी हात कापायला सर्जननं करवत सुरू केलीय, आणि तेवढ्यात ते हात आपले आपण जागे होतात. पुढं सगळी पळापळ. एक नर्स फरफटत ओढली जाते आणि तिची नखं फरशीवर करकरत जातात. आमचा पडदा तिथंच गोठायचा. सबंध घर त्या नखांकडं बघत बसलेलं, आणि आत्तेभाऊ प्लेअरवर थापा मारतोय. त्या सीनला पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, नुसता करवतीचा आवाज आणि किंकाळ्या, हे मला फार उशिरा लक्षात आलं. दिग्दर्शक सॅम रायमी मुळात भुताखेताच्या सिनेमांतून आलेला माणूस. पोरांच्या सिनेमात त्यानं दोन मिनिटं आपलं जुनं दुकान उघडलं आणि परत बंद केलं.

तर बालपणाचा वाटा आहे, समजा निम्मा. पण बालपणात बघितलेलं इतर कितीतरी आज पाच मिनिटं बघवत नाही. हे बघवतं. का, ते माझ्या आधी आज्जीला कळलं होतं.

आज्जी सोप्यात लसूण सोलत बसलेली असायची, चष्म्यावरून टीव्हीकडं बघत. ऑक्टोपसला आधी तिनं नीट मोजलं. "आठ हात म्हणता, मला तर सहाच दिसतायत." पाय धरून आठ होतात हे सांगितल्यावर तिला ती फसवणूक वाटली. मग सिनेमा संपता संपता म्हणाली, "गडी वाईट नव्हता रे. संगत वाईट लागली."

आता ते हात म्हणजे संगतच. डॉक्टरच्या मानेवर एक चिप असते, हातांनी डोक्याचं ऐकावं, डोक्यानं हातांचं ऐकू नये म्हणून. प्रयोग फसतो, बायको समोर मरते, चिप जळते. आमच्या धंद्यात सांगायचं तर जादा भार आला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले निकामी झाला आणि मोटर तशीच डायरेक्ट चालू राहिली. उसाला पाणी पाजायच्या घाईत रिले काढून मोटर डायरेक्ट जोडणारे शेतकरी माझ्याकडं दर हंगामात येतात, काळं पडलेलं वायंडिंग घेऊन. त्यात मोटरीचा दोष नसतो.

मुद्दा असा, की या सिनेमांतला व्हिलन दारातून येतो. आधी पाहुणा म्हणून येतो, जेवतो, मग वाईट होतो. ऑक्टोपस व्हायच्या आधीचा डॉक्टर ऑक्टेव्हियस पीटरला, म्हणजे मुखवट्याबाहेरच्या स्पायडरमॅनला, घरी बसवून घेतो, बायकोच्या आणि आपल्या प्रेमाच्या गोष्टी सांगतो, प्रेम मनात दाबून ठेवू नकोस म्हणतो. असे एक सर आपल्या सगळ्यांना कधीतरी भेटलेले असतात. पहिल्या भागातला नॉर्मन ऑस्बॉर्न, म्हणजे ग्रीन गॉब्लिन, तर पीटरच्या जिवलग मित्राचा बाप. सणाच्या जेवणाला येतो, वाढायच्या आधीच पदार्थात बोट घालतो, आणि पीटरची काकू मे आंटी त्याच्या हातावर चापट मारते. (आज्जी: "बरं केलं.") त्याच पंगतीत पीटरच्या हातावरची ताजी जखम त्याला दिसते आणि त्याच्या डोक्यात उजेड पडतो, की मघाशी आपण ज्याला कापलं तो हाच. मारामारी नाही, स्फोट नाही, ताटं मांडलेली आहेत आणि पोटात गोळा येतो.

आम्हा सांगलीकरांना हे नवीन नसावं खरं तर. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं सीतास्वयंवराचं नाटक केलं. त्या काळच्या नाटकांतले राक्षस आरोळ्या ठोकत रंगमंचावर यायचे. ती एक तऱ्हा. दुसरी तऱ्हा इथलेच खाडिलकर यांची. त्यांच्या १९०७ च्या ‘कीचकवध’ नाटकातला कीचक आभाळातून पडलेला नाही, राणीचा भाऊ आहे, वाड्यातलाच आहे. लोकांना त्याच्यात लॉर्ड कर्झन दिसला आणि इंग्रजांनी नाटकावर बंदी घातली. घरातला खलनायक जास्त बोचतो हे इंग्रजांनाही कळलं म्हणायचं.

बरं, त्या लोखंडी हातांबद्दल एक सांगायचंच आहे. तुम्हाला ते कॉम्प्युटरवर केलेले वाटले असतील. बरेच तसे आहेतही, त्या सिनेमाला इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. पण जवळच्या कितीतरी दृश्यांत ते खरोखरचे, बाहुल्यांसारखे हलवलेले हात आहेत. मागं माणसं उभी राहून ते चालवायची. डॉक्टर ऑक्टोपस झालेले नट आल्फ्रेड मोलिना यांनी त्या हातांना नावं ठेवली होती, म्हणजे खरोखरची: लॅरी, हॅरी, मो आणि फ्लो. एक हात डॉक्टरच्या कानाशी येऊन काहीतरी कुजबुजतो आणि तो मान वळवून ऐकतो, ते एवढं खरं वाटतं कारण तिथं ऐकायला खरंच काहीतरी होतं. भाव्यांनीही लाकडाच्या कळसूत्री बाहुल्या केल्या होत्या, त्यामुळं हे वाचलं तेव्हा मला उगीचच आपल्या गावचं कुणीतरी तिकडं कामाला होतं असं वाटलं.

याउलट ग्रीन गॉब्लिनचा मुखवटा. तिथं आमचीही बाजू लंगडी आहे. गॉब्लिन झालेल्या विलेम डफोसारखा चेहरा, ज्याच्या नुसत्या दात विचकण्यावर पाच भाग निघाले असते, तो हिरव्या हेल्मेटात कोंबला. गच्चीवर गॉब्लिन आणि स्पायडरमॅन बोलत बसतात तेव्हा दोन मोटरसायकलवाले सिग्नलला गप्पा मारतायत असं दिसतं. चेहरा हलेल असा मुखवटाही करून पाहिला होता त्यांनी, मग सोडून दिला. डफोचं खरं काम हेल्मेटाबाहेर आहे, आरशासमोर. एकच माणूस, एकीकडं घाबरलेला बाप आणि आरशात तो दुसरा. आमच्या गल्लीतली पोरं कित्येक दिवस सलूनच्या आरशात ते करून न्हाव्याच्या शिव्या खायची.

तिसरा भाग २००७ चा, तो मात्र मी थेटरात पाहिला, हिंदीत. (तो भारतात भोजपुरीतही आला होता. मराठीत नाही. असो.) त्यातल्या सँडमॅनबद्दल आमच्याकडं वेगळीच अडचण होती. वाळूवाला व्हिलन म्हटलं की कृष्णाकाठच्या माणसाच्या डोळ्यासमोर रात्रीचा डंपरच येतो, आणि थेटरात मागून कुणीतरी तसं ओरडलंही. सगळं थेटर हसलं. पण मग तो वाळूच्या खड्ड्यातून उठायचा प्रयत्न करतो. एकेक कण घरंगळतोय, हात तयार होतोय आणि सुटतोय, आणि समोर पडलंय मुलीचा फोटो असलेलं लॉकेट. ते उचलायला जातो तर हातच वाळू होऊन सांडतो. एक शब्द नाही. थेटर गप्प झालं. ओरडणाराही.

त्याच सिनेमात व्हेनम हा व्हिलन मात्र घुसडल्यासारखा आहे, आणि घुसडलेलाच होता. रायमीच्या मनात तो नव्हता, चाहत्यांना हवा म्हणून निर्मात्याकडून आग्रह झाला. मग तीन तीन व्हिलन, कुणालाच नीट जेवायला बसवलं नाही. पीटरच्या त्या रस्त्यावरच्या नाचाबद्दल मी इथं काही बोलणार नाही. चौथा भाग व्हायचा होता, तो २०१० मध्ये रद्द झाला, आणि आमचं ते घर तिथंच बंद पडलं.

नवीन सिनेमांत सगळंच पोकळ आहे असं मी म्हणत नाही. २०१७ च्या भागातला व्हल्चर आठवा. पीटर मैत्रिणीला न्यायला तिच्या घरी जातो, दार उघडतं, आणि दारात तिचा बाप म्हणून व्हल्चर उभा. मग गाडीत मागं बसलेलं पोरगं आणि आरशातून त्याच्याकडं बघणारा तो. नव्या भागांतला माझ्या मते सगळ्यात चांगला प्रसंग. तिथंही बघा, व्हिलन दारातच भेटतो.

आता त्या रडण्याबद्दल. १६ डिसेंबर २०२१, ‘स्पायडरमॅन: नो वे होम’मधून जुने व्हिलन परत आले तो दिवस. कोरोनामुळं थेटरं निम्म्याच खुर्च्यांवर चालू होती, एक सोडून एक बसायचं, तोंडाला मास्क. पुलावर धुरातून लोखंडी हात आले आणि "हॅलो, पीटर" ऐकू आलं, तेव्हा निम्म्या भरलेल्या थेटरात पूर्ण भरल्यासारखी बोंब उठली. शिट्टी मारायला लोकांनी मास्क हनुवटीवर ओढले. पुढं डफो आपला तो हिरवा मुखवटा आपटून फोडतो, त्यालाही टाळ्या पडल्या. वीस वर्षांची आमची तक्रार कुणीतरी ऐकली होती. आणि मग नवा पीटर डॉक्टरच्या मानेवरची चिप नवी करून बसवतो. मोलिनांचा चेहरा हळूहळू सैल पडतो, कान देऊन ऐकल्यासारखं करतात, आणि म्हणतात की डोकं शांत झालं. माझ्या शेजारी एक खुर्ची सोडून बसलेला अनोळखी माणूस चष्मा काढून शर्टाला पुसत होता. मी माझा मास्क नाकावर नीट करत होतो, बराच वेळ.

आज्जी तेव्हा नव्हती. व्हीसीडींचं म्हणाल तर घरात होत्या तेवढ्या मामानं नेल्या आणि तासगावच्या द्राक्षबागेत पाखरं हाकायला दोऱ्यानं टांगल्या. उन्हात चमकत गरागरा फिरायच्या. त्यातली कुठली गॉब्लिनची आणि कुठली ऑक्टोपसची ते लेबल उडाल्यामुळं कळायचं नाही.

तुम्ही परत बघणार असाल तर मोबाईलवर नको, आणि एका बैठकीत तिन्ही तर अजिबात नको. दुसरा भाग रात्री, मोठ्या पडद्यावर, दवाखान्याच्या सीनला आवाज वाढवून बघा. तिसऱ्यातला तो नाच पुढं ढकललात तरी चालेल. आम्ही ढकलत नाही, पण ते आमचं आम्ही बघू.