बंगळुरूला निघण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. सोबत पाठवलेली, कोड लिहून काढलेली स्केचेसही मोबाईलवर चालवून पाहिली. गोल फिरणारे ते रंगीत ठिपके देखणे आहेत, पण ते जगात कुठेही, कुणीही काढलेले असू शकतात. तुलाही तेच खुपतंय, असं तुझ्या पत्रावरून वाटलं. कोल्हापुरात राहून काही सुचत नाही, बंगळुरूला गेलो की सुचेल, जमलं तर वर्षभर नुसतं भटकावं, असं लिहिलंयस आणि शेवटी विचारलंयस, "दादा, काय करू?"

जा. नोकरीसाठी जा, तिथल्या माणसांसाठी जा, घराबाहेर राहायची सवय व्हावी म्हणून जा. पण केवळ सुचावं म्हणून जाणार असशील तर आधी थोडं ऐक. मी मुंबईत राहिलो, बंगळुरूत राहिलो. दिवसा पोटापाण्यासाठी हिशेबाची सॉफ्टवेअर लिहिली आणि रात्री जागून कोडमधून चित्रं काढली. गाव बदललं म्हणून माझी चित्रं बदलली नाहीत. एखादी गोष्ट नेमकी कशी चालते, हे तासन्तास बघायची सवय लागली तेव्हा ती बदलली. ही सवय आहेस तिथे लावून घेता येते, आणि एकदा लागली की मग कुठलाही प्रवास अंगी लागतो.

संध्याकाळी रंकाळ्यावर जातोसच. या खेपेला चौपाटीवरच्या गप्पा जरा बाजूला ठेव आणि पाण्याकडे तोंड करून एकटा बस. सूर्य शालिनी पॅलेसच्या बाजूला कलला की बगळे परतायला लागतात. आधी नुसता पांढरा थवा दिसेल. मग त्यातला एक बगळा धर आणि नजर त्याच्यावरून हलू देऊ नकोस. शेजारचा फार जवळ आला की तो किंचित बाजूला होतो. आजूबाजूचे वळले की पाठोपाठ तोही वळतो. मागे पडला की भराभर पंख मारून पुन्हा घोळक्यात शिरतो. बस, एवढंच. क्रेग रेनॉल्ड्स या अमेरिकन प्रोग्रामरने 1986 मध्ये हेच तीन नियम कोडमध्ये बसवले: टक्कर टाळ, शेजाऱ्यांची दिशा धर, त्यांच्या मध्याकडे सरक. पडद्यावर खरोखरचा वाटणारा थवा उडू लागला. त्यात पुढारी कुणी नाही, थव्याचा आराखडा कुठेच लिहिलेला नाही, प्रत्येक पाखरू फक्त आपल्या शेजाऱ्यांपुरतं बघतं.

तुझ्या ठिपक्यांना हे तीन नियम दे, तासाभरात जमेल. पण तिथे थांबलास तर तुझा थवा पुन्हा कुठलाही थवा होईल, कारण ते नियम आता सगळ्यांनाच पाठ आहेत. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. काठाला म्हशी चरत असल्या तर एखाद-दुसरा गायबगळा थवा सोडून खाली उतरतो आणि म्हशीच्या पायाजवळ किडे टिपत राहतो. बाकीचे त्याच्यासाठी थांबत नाहीत. काळोख पडायला किती वेळ उरलाय, त्यावर तो उतरणार की नाही हे ठरत असावं असा माझा अंदाज आहे. तू बघून खरं-खोटं कर. हा चौथा नियम तुझा. तो तुला रंकाळ्याच्या काठावरच मिळेल आणि तुझं चित्र त्यानेच ओळखू येईल.

आता अंबाबाईचा किरणोत्सव घे. 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी या तारखा आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक असतात. देवी पश्चिमाभिमुख आहे. मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून गाभाऱ्यात शिरतात आणि पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत येतात. वर्षातून दोनदाच का, आणि याच तारखांना का, असा प्रश्न तुला कधी पडला? 21 डिसेंबरच्या आसपास सूर्य दक्षिणेच्या टोकाला जाऊन परत फिरतो. नोव्हेंबरचे ते दिवस त्याच्या सुमारे सहा आठवडे आधी येतात आणि फेब्रुवारीचे सुमारे सहा आठवडे नंतर. जाताना सूर्य ज्या जागी मावळतो त्याच जागी तो येताना पुन्हा मावळतो. कोल्हापूरचा अक्षांश 16.7, त्या दिवसांत सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचं त्याचं कोनातलं अंतर, उणे 17 अंशांच्या जवळ (उणे म्हणजे दक्षिणेला). गणित केलंस तर सूर्य बरोबर पश्चिमेपासून साधारण 18 अंश दक्षिणेला बुडताना दिसेल. मूर्तीवर किरणं वर का चढतात तेही यातच आलं: सूर्य जसजसा खाली उतरतो तसतसा उजेड आडवा होत जातो आणि चौकटीतून आत शिरलेला पट्टा वर सरकतो.

वीस-पंचवीस ओळींचं काम आहे. एक चौकट, एक भिंत, एक सूर्य. तारीख बदलायला एक सरकपट्टी दे आणि उजेडाचा पट्टा भिंतीवर कसा फिरतो ते बघत बस. मग त्यात ढग टाक, क्षितिजावरचं धुरकट टाक, वाटेत उभी राहिलेली एखादी इमारत टाक. ज्या वर्षी किरणं चरणांपर्यंत येऊन विरतात त्या वर्षी मंदिरात उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे मी पाहिलेत, म्हणून सांगतो, अडथळे चित्रातून गाळू नकोस. आणि गणित कळलं म्हणून हात जोडायचे राहत नाहीत. मी अजून जोडतो, पूर्वीपेक्षा जास्त मनापासून.

प्रवासाचंही असंच. एका दिवसात सहा ठिकाणं उरकणाऱ्या सहलीचा तुला काडीचा उपयोग नाही. विजापूरला जा, एसटीने जा, आणि आख्खा दिवस एकट्या गोलघुमटात काढ. लोक धापा टाकत वर जातात, सज्जात टाळी वाजवतात, घुमलेला आवाज ऐकून खूश होतात. तूही वाजव. मग खाली येऊन दालनाच्या मधोमध उभा राहा आणि मान वर कर. खाली चौकोनी दालन आणि वर, बाहेरून मोजला तर 44 मीटर व्यासाचा, गोल घुमट. चौकोनावर गोल बसवायचा कसा? 1656 मध्ये पुऱ्या झालेल्या या इमारतीत गवंड्यांनी दोन चौकोन घेतले, एक दुसऱ्यावर फिरवून ठेवला आणि त्यांच्या बाजूंवर एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी उभ्या केल्या. त्या कमानी चौकोनाचा अष्टकोन करतात आणि अष्टकोनावर वर्तुळ टेकतं. तुझ्या भाषेत सांगायचं तर एक चौकोन, 45 अंशांचं एक रोटेट आणि एक लूप. वहीत हाताने काढल्याशिवाय फोटो घ्यायचा नाही, एवढं पथ्य पाळ. मग घरी येऊन दोनाऐवजी तीन चौकोन 30 अंशांनी फिरवून बघ, पाच फिरवून बघ. कुठली आकृती घुमट पेलेल आणि कुठली नुसतीच नक्षी होईल, हे डोळ्यांना कळायला लागेल.

वहीत काय लिहायचं, असं तू नक्की विचारशील. काय पुन्हा पुन्हा होतंय, किती वेळाने होतंय आणि कधी होत नाही. कसं वाटलं ते लिहायचं असेल तर जरूर लिही, पण वेगळ्या पानावर. माझ्या जुन्या वह्यांत "अप्रतिम सूर्यास्त" असं जिथे जिथे लिहिलंय तिथून आजवर एकही चित्र निघालेलं नाही.

मोठ्या शहराबद्दल थोडक्यात. सकाळी दादरच्या पुलावर एका कडेला उभा राहिलास तर समोरासमोरून येणारी गर्दी आपोआप ओळी पाडून घेताना दिसते. कुणी पाटी लावलेली नसते, पोलीस नसतो. गर्दी विरळ झाली की ओळी मोडतात. असं दृश्य इतक्या दाटीने आणि रोजच्या रोज बघायला मोठं शहरच लागतं. शिवाय तिथे आपल्याच नादाची माणसं भेटतात, तुझं कोड उघडून "ही ओळ का लिहिलीस?" असं तोंडावर विचारतात. हे मात्र आपल्याकडे अजून कमी आहे, ते मी नाकारत नाही. त्याची किंमत म्हणजे जाण्यायेण्यात दिवसाचे तास जातात आणि घरी आल्यावर वही उघडायचं त्राण उरत नाही. खोली ऑफिसच्या जवळ घे, लहान असली तरी चालेल.

"इथे साधनं काय आहेत?" हे तुझं वाक्य मला लागलं. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, त्याच्यासमोरून तू रोज गाडी नेतोस. नाटकांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे सिनेमाच्या वेडाने झपाटले आणि कॅमेरा आपणच बनवायचा असं त्यांनी ठरवलं. 1916 मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. कॅमेरा याच गावात तयार झाला आणि 1920 मध्ये त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट लागला. साधनाची वाट बघत बसायची रीत आपल्या गावची नव्हे.

लॅपटॉप जुना आहे म्हणतोस, त्यावर व्हेरा मोल्नार यांचं उदाहरण देतो. 1924 मध्ये बुडापेस्टला जन्मलेल्या या चित्रकार 1947 मध्ये पॅरिसला गेल्या. संगणकावर काम करायला मिळालं ते 1968 मध्ये. त्याआधीची कितीतरी वर्षं त्या मनातल्या मनात एक यंत्र धरून चालल्या होत्या: कागदावर नियम लिहायचा आणि यंत्राने केलं असतं तसं तो पायरी-पायरीने हाताने चालवायचा. संगणक मिळाला तेव्हा काय करायचं हे शोधायला त्यांना वेळ लागला नाही. तुझ्या हातात पी फाइव्ह हे कोडमधून चित्रं काढायचं साधन आहे, फुकट आहे आणि मोबाईलच्या ब्राउझरमध्येही चालतं.

आता पंचगंगेचा पूर कोडमधून चित्रात आणायची तुझी कल्पना. पत्रातली हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली आणि हिच्याबद्दलच जास्त काळजी वाटते. पावसाळ्यात आख्खं गाव राजाराम बंधाऱ्याच्या पातळीवर डोळे लावून असतं: 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, आणि कितवा उघडला याची बातमी घराघरांत पोचते. हे आकडे घेताना एक सांभाळ. पातळी फूट-इंचांत येते. 43 फूट 6 इंच म्हणजे 43.6 नव्हे, 43.5. आधी सगळं इंचांत बदलून घे, नाहीतर आलेखाला नसलेले खाचखळगे पडतील. आणि पाणी दाखवायला रँडम, म्हणजे संगणकाने स्वैर काढलेले आकडे, वापरू नकोस. नदी तासातासाने इंच-इंच चढते, मध्ये थबकते, उतरायला लागली तरी फार सावकाश उतरते. तो वेग आहे तसा ठेव.

रंग ठरवायच्या आधी सुतारवाड्यात जाऊन ये, आंबेवाडी-चिखलीला जाऊन ये. 2019 आणि 2021 ला ज्यांनी घर बंद करून जनावरं दावणीतून सोडली त्यांच्याजवळ बस. कुठल्या आकड्याला सामान वर चढवायला घेतात, कुठल्या आकड्याला घर सोडतात, हे त्यांना विचार. ते आकडे सरकारी रेषांच्या जोडीला तुझ्या चित्रात आले पाहिजेत. चित्र तयार झालं की सगळ्यात आधी त्यांनाच दाखव, आणि त्यांनी एखादी गोष्ट काढ म्हटलं तर काढ.

सुरुवातीला एकाच पावसाळ्याचा, एकाच बंधाऱ्याचा आलेख पुरे. झाला की लिंक पाठव, कोडसकट. बंगळुरूची तारीख ठरली की तेही कळव. तिथे दोघं-तिघं ओळखीचे आहेत, तू पोचायच्या आधी त्यांच्याशी बोलून ठेवतो.

तुझा,
दादा